पाठ केलेले स्पेलिंग सकाळी का विसरते?

"रात्री दहाही स्पेलिंगं बिनचूक लिहितो आणि सकाळी कोरा असतो," ही तक्रार मराठी व सेमी-इंग्रजी शाळांतील मुलांच्या पालकांकडून मी सतत ऐकते. सातवीतल्या एका मुलाची आई तर स्मरणशक्तीचे औषध विचारायला आली होती.

मुलाची स्मरणशक्ती उत्तम होती. देवनागरीत लिहिलेले बहुतेक सारे उच्चारले जाते, त्या सवयीने तो इंग्रजीतल्या प्रत्येक अक्षराला आवाज शोधत होता आणि तो सापडला नाही की अक्षरच गाळत होता. आधी आम्ही प्रत्येक स्वरध्वनीला एक टाळी देऊन शब्द तोडले: अन-हॅ-पी-नेस, चार टाळ्या. वाचन सुधारले, स्पेलिंग मात्र तिथेच राहिले, कारण टाळीने ऐकू येते तेवढेच मोजले जाते.

"मॅडम, 'साइन'मधला 'जी' उगाचच आहे," तो एकदा वैतागून म्हणाला. मी त्याखाली 'सिग्नल' आणि 'सिग्नेचर' लिहायला सांगितले. तो बराच वेळ पाहत राहिला.

"इथे 'जी' वाजतोय. म्हणजे हे तिघे एकाच घरातले?"

त्यानंतर मी फारसे शिकवले नाही. व्याकरणात 'बेजबाबदारपणा'चे बे, जबाबदार आणि पणा असे तुकडे त्याने केलेच होते. तसेच 'अनहॅपिनेस'चे त्याने आपणहून तीन केले आणि 'हॅपी'च्या शेवटच्या 'वाय'चा इथे 'आय' होतो हेही टिपले. 'जंप्ड', 'प्लेड', 'वॉन्टेड' यांच्या शेवटी ट, ड आणि इड असे वेगवेगळे ऐकू येत असले तरी भूतकाळ दाखवणारे 'ईडी' एकच आहे, हे पटल्यावर त्याच्या वहीतला 'टी' गेला. घोकंपट्टीवर माझा विश्वास पूर्वीही नव्हता.

पालकांनी दहाऐवजी एकाच घरातले तीन शब्द घ्यावेत, आधी अर्थाचे तुकडे सुटे करावेत आणि उरलेला लांब भाग टाळीने तोडावा. तुकडा काढल्यावर उरते त्याचा मूळ शब्दाच्या अर्थाशी संबंध आहे का, हे मात्र तपासावे: 'टीचर'मधून 'टीच' निघतो, पण 'कॉर्नर'मधून निघणाऱ्या 'कॉर्न'चा कोपऱ्याशी काही संबंध नाही. मराठी वाचतानाही मूल असेच अडखळत असेल, तर घरचे प्रयोग लांबवण्याऐवजी अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी.