संचालकावर गुन्हा दाखल झाला, पण खुर्ची जाते कधी?

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत ५०० सभासद आहेत. सोयाबीन खरेदीच्या पैशांत अफरातफर केल्याबद्दल अध्यक्षांवर गुन्हा दाखल झाला, अटकही झाली. जामिनावर सुटून आता तेच धनादेशांवर सह्या करतात. ते आपोआप अपात्र ठरत नाहीत का? (एक सभासद, औसा, जि. लातूर)

उत्तर : नाही ठरत. गुन्हा दाखल होणे, अटक, दोषारोपपत्र, यांतल्या कशानेही पद जात नाही. उत्पादक कंपन्यांना कंपनी कायदा २०१३ चे कलम ३७८क्यू लागू आहे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात न्यायालयाने दोषी धरून किमान सहा महिन्यांची कैद सुनावली, तर पद रिकामे होते. अफरातफर त्यात बसते. पण निकालाला वर्षे लागतात आणि खरेदीचा हंगाम तोवर थांबत नाही.

त्याच कलमात आणखी एक कारण आहे, ज्याकडे सहसा कुणी पाहत नाही. संचालकाने आपल्याच कंपनीकडून घेतलेले कर्ज किंवा उचल थकवली, तरी पद जाते. त्याला फौजदारी खटला लागत नाही. अध्यक्षांचा खातेउतारा आधी तपासा. नुसती खताची उधारी ‘उचल’ म्हणून धरली जाईल, या भरवशावर मात्र राहू नका.

सह्यांचा प्रश्न सर्वांत लवकर सुटतो. संचालक मंडळाने बहुमताने ठराव करून सहीचे अधिकार दुसऱ्या दोघांना द्यावेत, ठरावाची प्रमाणित प्रत आणि नव्या नमुना सह्या बँकेत द्याव्यात. यासाठी सभासदांची सभा लागत नाही.

पदावरून काढायचे असेल तर सभा हवी. कलम १६९ प्रमाणे साधे बहुमत पुरते, पण ‘विशेष सूचना’, म्हणजे काढण्याचा ठराव मांडणार असल्याची आगाऊ लेखी नोटीस, आवश्यक आहे. ती एक टक्का मताधिकार असलेले सभासद देऊ शकतात. उत्पादक कंपनीत साधारणपणे एका सभासदाला एकच मत, म्हणजे तुमच्याकडे पाच सह्या झाल्या. सूचना सभेच्या किमान १४ दिवस आधी कंपनीकडे पोचली पाहिजे. वार्षिक सभा लांब असेल आणि मधेच विशेष सभा बोलवायची असेल, तर एक तृतीयांश सभासदांची लेखी मागणी लागते, तुमच्या बाबतीत १६७.

ठराव बहुधा दोन ठिकाणी फसतो. सह्या करणाऱ्यांची नावे सभासद नोंदवहीत चढलेलीच नसतात, किंवा अध्यक्षांना सूचनेची प्रत देऊन बाजू मांडू दिलेली नसते. व्हॉट्सॲपवर हात वर केलेला ठराव तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात पहिल्याच तारखेला लटपटेल. ठराव मंजूर झाल्यावर ३० दिवसांत डीआयआर-१२ हा संचालक बदलाची माहिती देणारा सरकारी फॉर्म भरा. तो राहिला तर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जुनेच नाव दिसत राहते. आणि हो, काटापट्ट्या, आडतीच्या पावत्या, बँकेचे उतारे यांच्या प्रती आजच वेगळ्या काढून ठेवा.

प्रश्न : आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाला फसवणुकीत एक वर्षाची शिक्षा झाली. त्याने अपील केले असून शिक्षेला स्थगिती आहे. तो म्हणतो, “मी संचालक आहेच.” (परभणी)

उत्तर : त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. कंपनी कायद्याच्या कलम १६७ प्रमाणे सहा महिने वा अधिक कैद झाली की संचालकपद जाते. पण निकालापासून ३० दिवस ते टिकते, आणि त्या मुदतीत अपील केले असेल तर अपील निकाली निघून सात दिवस होईपर्यंत टिकते. मात्र कलम १६४ ची अपात्रता अपील केल्याने थांबत नाही. म्हणजे बसलेला माणूस बसून राहील, पण त्याची नव्याने किंवा फेरनेमणूक करता येणार नाही. व्यवस्थापकीय संचालकासाठी कलम १९६ आणखी कडक आहे. सहा महिन्यांहून अधिक शिक्षा झालेल्या माणसाला त्या पदावर नेमताही येत नाही आणि चालूही ठेवता येत नाही. अपिलाची ती सवलत या कलमात नाही.

न्यायालयाचा आदेश नीट वाचा. ‘शिक्षेला स्थगिती’ म्हणजे तुरुंगात जाणे तूर्त टळले, इतकेच. ‘दोषसिद्धीला स्थगिती’, म्हणजे दोषी ठरवणारा निकालच तूर्त थांबणे, वेगळी, आणि ती सहजासहजी मिळत नाही. आदेशाची प्रमाणित प्रत नकलेचा अर्ज देऊन काढा. त्याच्या वकिलाच्या तोंडी सांगण्यावर सभेत वाद घालू नका.

प्रश्न : पतसंस्थेच्या संचालकांवर गुन्हा दाखल आहे. त्यांना हटवण्यासाठी कुणाकडे जायचे? जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदने देऊन थकलो. (ठेवीदार, बीड)

उत्तर : पासबुकावरचा नोंदणी क्रमांक पाहा. संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खालची असेल तर अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करा. मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत काम करणारी आणि केंद्राच्या कायद्याखालची असेल, तर दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकांकडे. उपनिबंधक तिथे हात वर करतात ते उगीच नाही.

राज्याच्या संस्थेत कलम ७८अ खाली संचालकाला काढता येते, आणि त्यासाठी दोषसिद्धी लागत नाही. कर्तव्यातली कसूर किंवा संस्थेच्या हिताला बाधक कृत्य पुरते. नोटिशीला १५ दिवस मिळतात. पतसंस्था ज्या संघाची सभासद आहे, त्या संघीय संस्थेचे मत मागवले जाते. ४५ दिवसांत ते आले नाही तर हरकत नाही असे धरतात. कलम ८३ खालची संस्थेच्या कारभाराची चौकशी एक पंचमांश सभासदांनी अर्ज केल्यास निबंधकांना करावीच लागते. पण पुष्कळ ठेवीदार सभासदच नसतात, अशांच्या सह्या त्यात मोजल्या जात नाहीत. त्यांनी निबंधकांना स्वतःहून चौकशी करण्याची विनंती करावी.

संचालक हटले म्हणून ठेव परत येत नाही. त्यासाठी ठेवीदार हितसंरक्षण कायदा १९९९ खाली मालमत्ता जप्तीची मागणी तपास अधिकाऱ्याकडे स्वतंत्रपणे लावून धरा. पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा फक्त बँकांना आहे, पतसंस्थांना नाही.

प्रश्न : खासगी बँकेच्या अधिकाऱ्याला रिझर्व्ह बँक शिक्षेआधी हटवू शकते का? (नांदेड)

उत्तर : हो. बँकिंग नियमन कायदा १९४९ च्या कलम ३६एए खाली सार्वजनिक हित किंवा ठेवीदारांचे हित धोक्यात असल्याची खात्री पटली की पुरे. बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते, पण निकड असेल तर निर्णय होईपर्यंत काम करण्यास मनाई करता येते. हटवलेल्याला पाच वर्षांपर्यंत बँकेच्या कारभारापासून दूर ठेवता येते. त्याला ३० दिवसांत केंद्र सरकारकडे अपील करता येते.