अमेरिकेत पॉझिटिव्ह, ठाण्यात ‘काही नाही’ : क्षयरोगाच्या तपासणीत कोणाचे ऐकावे?

प्रश्न : गेल्या वर्षी माझ्या सासऱ्यांना फुप्फुसाचा क्षयरोग झाला होता. महापालिकेच्या केंद्रात थुंकी तपासून सहा महिने औषधे दिली आणि आता ते बरे आहेत. माझी मुलगी त्या काळात घरीच होती. सध्या ती एमएससाठी अमेरिकेत आहे. तिथल्या विद्यापीठाने केलेली ‘इग्रा’ ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. एक्स-रे स्वच्छ आहे, खोकला-ताप काहीही नाही, तरी तिला चार महिने रिफाम्पिसिन हे क्षयाचे औषध घ्यायला सांगितले आहे. ठाण्यातले आमचे डॉक्टर म्हणतात, लहानपणी बीसीजीची लस घेतल्यामुळे असे येते, औषधाची गरज नाही. नणंदेचा मुलगा इंग्लंडला गेला तेव्हा तर फक्त एक्स-रे काढला होता. आम्ही कोणाचे ऐकावे? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपल्या मुलीने औषध घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या सासऱ्यांची झाली ती तपासणी रोग शोधण्याची होती आणि मुलीची झाली ती संसर्ग शोधण्याची. क्षयाचे जंतू श्वासावाटे शरीरात गेले तरी बहुतेकांमध्ये ते वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. अशा व्यक्तीला कसलाही त्रास नसतो आणि तिच्यापासून इतरांना लागणही होत नाही. मात्र अशा संसर्गितांपैकी साधारण पाच ते दहा टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष क्षयरोग होतो, आणि हा धोका संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असतो. आपल्या घरातला रुग्ण गेल्याच वर्षीचा असल्यामुळे मुलीच्या अहवालाला वजन आहे.

बीसीजीचे म्हणणे त्वचेवरच्या मांटू चाचणीपुरते खरे आहे. तिच्यात हातावर औषध टोचून दोन-तीन दिवसांनी आलेली गाठ मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि बीसीजी घेतलेल्या माणसातही ही गाठ येऊ शकते. तीच गाठ किती मोठी असली की पॉझिटिव्ह धरायची, याचे निकषही सारखे नाहीत. अमेरिकेत माणसाच्या जोखमीनुसार ५, १० किंवा १५ मिलिमीटर अशा तीन पायऱ्या आहेत. ब्रिटनमध्ये बीसीजी घेतलेली असो वा नसो, ५ मिलिमीटरला पॉझिटिव्ह धरतात. ‘इग्रा’ची गोष्ट निराळी आहे. तिच्यात वापरलेली प्रथिने बीसीजीच्या जंतूत नसतातच, त्यामुळे लशीमुळे ती पॉझिटिव्ह येत नाही. संसर्ग सुप्त आहे की रोग सुरू झाला आहे, हे मात्र ती सांगू शकत नाही. म्हणूनच मुलीचा एक्स-रे काढला गेला.

देशादेशांतला फरक रोगाच्या प्रमाणातून आलेला आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि सुप्त संसर्ग तर इथे इतक्या लोकांत आहे की सरसकट सर्वांची ‘इग्रा’ करून फारसे हाती लागणार नाही. त्यामुळे आपला राष्ट्रीय कार्यक्रम खोकणाऱ्या माणसापर्यंत आधी पोहोचतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजनातली घट अशी लक्षणे असली की सकाळी उठल्यावर खोलवर खोकून काढलेला बेडका डबीत घेतात (नुसती लाळ चालत नाही, हे रुग्णाला नीट सांगावे लागते) आणि तो सीबीनॅट किंवा भारतात विकसित झालेल्या ट्रूनॅट यंत्रावर तपासतात. साधारण दोन तासांत जंतू आहेत का आणि ते रिफाम्पिसिनला दाद देतील का, हे कळू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्यासाठी एक मिलिलिटर बेडक्यात हजारो जंतू असावे लागतात. ही यंत्रे त्याहून पुष्कळ कमी जंतूही पकडतात. कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहायला, मात्र अजूनही काही आठवडे लागतात.

अमेरिकेत रुग्ण थोडे असल्याने, उद्या रोग होऊ शकेल अशा प्रत्येकाला आजच गाठणे त्यांना परवडते. ब्रिटन सहा महिन्यांहून अधिक मुक्कामाच्या व्हिसासाठी भारतीयांचा एक्स-रे मागते, कारण त्या टप्प्यावर त्यांना शोधायचा असतो तो फुप्फुसाचा चालू रोग. सुप्त संसर्गाची तपासणी इंग्लंडमध्ये पुढे होऊ शकते. जास्त प्रादुर्भावाच्या देशांतून नव्याने आलेल्या १६ ते ३५ वयाच्या लोकांसाठी तिथे तसा कार्यक्रम आहे. नणंदेच्या मुलाने तिथल्या डॉक्टरांकडे चौकशी करावी.

भारतातही सुप्त संसर्गाकडे दुर्लक्ष करावे असे धोरण नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. क्षयरुग्णाच्या घरातल्यांना रोग नाही याची खात्री करून प्रतिबंधात्मक औषध देण्याची तरतूद आपल्या कार्यक्रमात आहे, आणि पाच वर्षांखालील मुलांना त्यात अग्रक्रम आहे. सासऱ्यांच्या आजारपणात घरातल्या इतरांची तपासणी झाल्याचे आपल्या पत्रात दिसत नाही. तेव्हा सासऱ्यांची उपचारपत्रिका घेऊन आपण सर्वांनी जवळच्या महापालिका आरोग्य केंद्रात जावे. तिथे तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत मिळतात. खासगी प्रयोगशाळेत क्षयाची रक्तातली ‘अँटिबॉडी’ तपासणी कोणी सुचवली तर ती करू नये. ती विश्वासार्ह नसल्याने भारत सरकारने २०१२ मध्येच तिच्यावर बंदी घातली आहे.

सासऱ्यांच्या जंतूंवर रिफाम्पिसिन लागू पडत होते की नाही, याचा अहवाल मुलीच्या डॉक्टरांना तातडीने पाठवा. तिचे औषध योग्य आहे ना, हे त्यावरून ठरेल. औषधामुळे लघवी नारिंगी होते, त्याने घाबरू नये. पण डोळे पिवळे दिसले, सतत मळमळले किंवा भूक गेली तर लगेच डॉक्टरांना कळवावे. इतर कोणत्याही गोळ्या चालू असल्यास त्याही सांगाव्यात, कारण रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांसह अनेक औषधांचा परिणाम कमी होतो. उपचार पूर्ण झाल्यावर लेखी प्रमाणपत्र जरूर घ्यावे. औषधानंतरही ‘इग्रा’ बहुधा पॉझिटिव्हच राहते, त्यामुळे पुढे नोकरीच्या वेळी पुन्हा तपासणी मागितली तर ती न करता हे प्रमाणपत्र आणि एक्स-रेचा अहवाल दाखवावा.