'पार्के'ला तक्तपोशी म्हणावं का?

प्रश्न असा: घरी पार्के (जमिनीवर नक्षीत बसवायच्या लाकडी पट्ट्या) बसवण्याच्या सूचना मराठीत आणताना 'लाकडी मजला' लिहावं की 'तक्तपोशी'?

मजला तर नकोच. मजला चढायचा असतो. पायाखाली असते ती जमीन, मग ती सारवलेली असो की शहाबादी. तक्तपोशी मूळची फारसी, अर्थ फळ्यांचं आच्छादन. अर्थाने चालली असती, पण वाड्यांच्या वर्णनात ती छताला जाऊन बसली आहे. 'तक्तपोशी घासून घ्या' वाचून कुणी शिडी शोधेल! 'कडीपाट'ही चालणार नाही: कडीपाट म्हणजे कड्यांवर फळ्या टाकून केलेला, भार पेलणारा भाग. पार्के बहुधा कोब्यावर नुसतं चिकटवलेलं असतं.

शिवाय हे नाव निव्वळ लाकडाचं नाही, मांडणीचंही आहे: ७० × २८० मिमीसारख्या आखूड पट्ट्या नक्षीत जुळवलेल्या. लॅमिनेटवर लाकडाचं छापील चित्र असतं, ते पार्के नव्हे. युरोपीय मानकात वरचा खऱ्या लाकडाचा थर किमान २.५ मिमी हवा. म्हणून 'पार्के'च ठेवा, पहिल्या उल्लेखाला 'लाकडी पट्ट्यांची नक्षीदार जमीन' असा खुलासा जोडा. (फ्रेंचमध्ये शेवटचा ट उच्चारत नाहीत, बाजारात 'पार्केट' म्हणालात तरी माल तोच मिळेल.)

नक्षीचं नावही नेमकं लिहा. नुसतं 'व्ही डिझाइन' म्हटलं तर घोटाळा होतो. हेरिंगबोनमध्ये पट्टी काटकोनी असते आणि तिचं टोक शेजारच्या पट्टीच्या कडेला भिडतं. शेवरॉनमध्ये टोकं तिरकी कापून एका सरळ रेषेत जुळवतात. पट्ट्या वेगळ्या कापाव्या लागतात, एकीचं काम दुसरीने भागत नाही.

खरी कसोटी बिघाडांच्या शब्दांची. सगळीकडे 'फुगणे' लिहू नका. भिंतीलगत १० ते १५ मिमी फट सोडली नाही, तर दमट हवेत लाकूड आडवं वाढतं, जागा मिळत नाही आणि जमीन मधूनच उचलली जाते: ती फुगली. कोबा ओला असताना पट्ट्या चिकटवल्या, तर त्यांची खालची बाजू वाढते आणि कडा वर येतात: त्या कडा उचलल्या. सिमेंटच्या कोब्यात कार्बाइड चाचणीने (कोब्याचा चुरा कार्बाइडमध्ये मिसळून ओल मोजतात) २ टक्क्यांहून जास्त ओल निघाली, तर थांबायचं. उचललेल्या कडा लगेच घासल्या, तर ओल सुकल्यावर प्रत्येक पट्टी मध्ये उंच राहते. त्याला मी 'पाठ आली' म्हणेन. कोरड्या हवेत सांधे उघडले तर 'फटी पडल्या'. आणि ती भिंतीलगतची फट? तिला 'विस्तार अंतर' कशाला, 'मोकळी फट' पुरे. वर स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, येतंच. फक्त तिथेच लिहा: स्कर्टिंगचे खिळे भिंतीत मारा, पार्केच्या पट्टीत नको.