राजधानीबाहेरची शहरं देशाची मंदावलेली अर्थव्यवस्था सावरू शकतात का?

सावरू शकतात, पण राजधानीनं पैसे पाठवले म्हणून नाही. शहराला आपले निर्णय आपण घेता आले, तर. मी काही वर्षांपासून जपानात, फुकुओकात नोकरी करतोय, म्हणून उत्तर इथलंच देतो.

पैसे वाटण्याचा प्रयोग जपाननं कधीच करून पाहिलाय. 1988-89 मध्ये ताकेशिता पंतप्रधान असताना जवळपास प्रत्येक गावाला आणि शहराला 10 कोटी येन दिले गेले, कशावर खर्च करायचे ते तुमचं तुम्ही ठरवा म्हणून. अवाजी बेटावरच्या त्सुना गावानं पर्यटकांना हात लावून बघता यावी म्हणून सोन्याची भलीमोठी लगड आणून ठेवली! पाठोपाठ शेअर आणि जमिनीच्या भावांचा फुगा फुटला. जपानी शेअर बाजाराच्या निक्केई निर्देशांकाला डिसेंबर 1989 ची पातळी ओलांडायला फेब्रुवारी 2024 उजाडावा लागला. मधल्या काळात तरुण मंडळी तोक्योकडे जात राहिली.

फुकुओका मात्र वाढत राहिलं. आज लोकसंख्या 16 लाखांच्या वर आहे. गंमत म्हणजे यामागे पाण्याची टंचाई आहे. शहराला मोठी नदी नाही; 1978 च्या दुष्काळात सुरू झालेली पाणीकपात 287 दिवस चालली. त्यामुळे भरपूर पाणी लागणारे अवजड उद्योग इथे रुजलेच नाहीत आणि शहर व्यापार, सेवा, शिक्षण यांवर उभं राहिलं. शेजारचं किताक्युशू शहर शिंकान्सेन या बुलेट ट्रेननं पाव तासावर. ते 1901 पासून यावाताच्या पोलाद कारखान्याच्या जिवावर मोठं झालं, दहा लाखांवर गेलं आणि पोलादाचे दिवस सरले तसं आक्रसत गेलं.

पण नुसत्या नशिबावर भागलं नाही. 2010 मध्ये टीव्हीवरचे निवेदक सोइचिरो ताकाशिमा 36 व्या वर्षी महापौर झाले. 2014 मध्ये त्यांनी केंद्राकडून विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळवला, म्हणजे मुख्यतः नियमांतून सूट. परदेशी माणसाला कंपनी काढायची तर व्हिसासाठी तेव्हा आधी कार्यालय हवं, शिवाय 50 लाख येन भांडवल किंवा दोन पूर्णवेळ कर्मचारी. फुकुओकानं तयारीसाठी सहा महिन्यांची सवलत दिली. विमानतळ शहराला खेटून असल्यामुळे इमारतींच्या उंचीवर बंधन होतं. तेन्जिन भागात ते शिथिल करून घेतलं आणि जुन्या इमारती पाडून नवी कार्यालयं उभी राहू लागली. बंद पडलेल्या एका प्राथमिक शाळेत 2017 पासून नवउद्योजकांचं केंद्र चालतं. यातल्या कशालाही प्रचंड निधी लागलेला नाही.

इथला महापौर थेट लोकांनी चार वर्षांसाठी निवडलेला आणि प्रशासन त्याच्याच हाताखाली. आपल्याकडे महापौर अडीच वर्षांचा आणि कारभाराच्या चाव्या राज्यानं नेमलेल्या आयुक्तांकडे. नाशिक किंवा कोल्हापूरच्या महापौरानं असलं काही मनात आणलं तरी सही दुसऱ्याचीच लागणार.

आता दुसरी बाजू. फुकुओकात येणारी बरीच तरुण मुलं क्युशू या इथल्या बेटावरच्याच लहान गावांतली आहेत. त्यांची गावं रिकामी होतात, शहराचा आकडा फुगतो, देशाच्या बेरजेत मात्र तेवढी भर पडत नाही. ती पडते ती नव्यानं निघालेल्या कंपन्यांमुळे आणि एरवी तोक्योला गेली असती ती माणसं इथेच राहिल्यामुळे. कौतुक करणारे हा हिशेब क्वचितच मांडतात.

केंद्राच्या पैशानंही शहर सावरतं, याला क्युशूवरच्याच कुमामोतोचं उदाहरण बरेच जण देतात. तिथे किकुयो गावात तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या चिप कारखान्याचं उद्घाटन फेब्रुवारी 2024 मध्ये झालं. सरकारची मदत 47,600 कोटी येनपर्यंत. पगार वाढले, जमिनीचे भाव चढले. सोबत रस्त्यांवर कोंडी आली, आणि लहान दुकानदारांना जुन्या पगारात माणसं मिळेनाशी झाली. कुमामोतो शहराचं पिण्याचं सगळं पाणी भूजलाचं आहे, त्यामुळे कारखान्याच्या उपशाची चिंताही आहे. याला यश म्हणायची घाई मी तरी करणार नाही.