जुन्या मारुती ८०० मधून सकाळी टिकटिक आवाज येतो, आत धुराचा वास येतो. सायलेन्सर बदलू का?

लगेच बदलू नका. इंजिन गरम झाल्यावर टिकटिक कमी होत असेल, तर आधी मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर सायलेन्सरच्या पाइपकडे नेणाऱ्या भागाचं) गॅस्केट, म्हणजे जोडातली फट बंद करणारी पट्टी, पाहा. धातू तापून फुगतो, फट मिटते, म्हणून आवाज दबतो.

इंजिन थंड असतानाच सुरू करा आणि कोणाला तरी सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओला फडका क्षणभर धरायला सांगा. जिथून फुसफुस येईल, तिथेच गळती. खालच्या जोडांवर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे येतात. माझ्या गाडीत एका स्टडभोवती (नट बसतो त्या आट्यांच्या दांड्याभोवती) बोटभर काजळी होती आणि नट चक्क हाताने फिरत होता!

गॅस्केट नवंच टाका. नट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळा. गंजलेल्या स्टडवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल सोडा, घाईत तुटला तर खर्च वाढतो.

इकडे यवतमाळच्या पांदण रस्त्यांवर पाइप दगडाला घासतो. लहान छिद्राला वेल्डिंग चालतं, पण पत्रा कुजला असेल तर पाइपच बदला.

तोवर काचा उघड्या ठेवा आणि बंद शेडमध्ये इंजिन अजिबात चालू ठेवू नका. धुराचा वास येतो, पण त्यातल्या जीवघेण्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.