वाचकांचे प्रश्न : साकव, रायबंदरचा बांध आणि शिमितेरातली अक्षरं

प्रश्न : आमच्या वाड्यावर ओहोळावरचा जुना कमानी साकव (छोटा पूल) आहे, चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्या दगडाचा. सांध्यांत पिंपळ उगवलाय. गवंडी म्हणतो, झाड उपटून फटी सिमेंटने भरू. चालेल का? (पेडणे)

दोन्ही नको. सांध्यात शिरलेलं मूळ आतल्या आत जाड होतं. रोप ओढलं की चिराही हलतो, आणि कमानीचा एक चिरा सैल झाला की शेजारच्यांवर भार तिरका पडतो. खोड चिऱ्याच्या पातळीला कापा आणि ताज्या कापावर काही मिनिटांतच तणनाशक ब्रशने लावून घ्या, तेही परवानाधारक माणसाकडून. उशीर झाला तर काप सुकतो, औषध आत उतरत नाही. फवारणी अजिबात नको, खाली वाहतं पाणी आहे. मूळ वाळल्यावर जेवढं सहज सुटेल तेवढंच काढा.

आता सिमेंट. चिरा पावसात पाणी पितो आणि ते हळूहळू सोडतो. चुन्याचा सांधा चिऱ्याहून मऊ असतो, त्यामुळे ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल चिऱ्याच्या तोंडातूनच निघते, सोबतचं मीठ तिथे साकळतं आणि पापुद्रे सुटू लागतात. काही पावसाळ्यांनी सिमेंटची रेघ जागच्या जागी उभी असते आणि चिरा मात्र मागे झिजलेला असतो. किनाऱ्याजवळच्या अनेक जुन्या भिंतींची हीच दशा झालेली दिसते, आणि ती टाळता आली असती.

काम पावसाळा सरल्यावर, मार्चच्या आत करा. सैल दर्जा, म्हणजे सांध्यांतला जुना चुना, रुंदीच्या दुप्पट खोल खरवडा, ग्राइंडर न लावता. भिजवून मुरवलेला चुना १ भाग, विटेची सुर्खी (भुकटी) १ भाग आणि नदीची धुतलेली वाळू २ भाग घ्या. समुद्राची वाळू घेतली तर मीठ तुम्हीच आत घालता. चिरे आधी ओले करा, नाहीतर कोरडा चिरा दर्जातलं पाणी ओढून घेतो आणि दर्जा भुसभुशीत होते. नंतर आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवा.

त्याआधी एक काम करा. पाणी उतरलेलं असताना काठी घालून पायाजवळची माती वाहून गेली आहे का ते पाहा. साकव बहुतेक वेळा वरून नव्हे, पायाकडून ढासळतो. कमानीचा चिरा बदलायचा असेल तर खाली लाकडी आधार दिल्याशिवाय हात लावू नका.

प्रश्न : पणजी–रायबंदर रस्ता इतकी शतकं कसा टिकला? (रायबंदर)

हा पोन्ते द लिन्यारिश, म्हणजे लिन्यारिशचा पूल. पोर्तुगीज व्हाइसरॉय कौंट द लिन्यारिश यांच्या काळात, १६३३-३४ साली, तो बांधला गेला. लांबी सुमारे ३ किलोमीटर. बराचसा भाग भरीव बांध आहे आणि मधेमधे कमानी ठेवल्यामुळे भरती-ओहोटीचं पाणी आरपार जातं. म्हणून पाण्याचा सगळा रेटा बांधावर येत नाही. कमानीत चिरे एकमेकांवर दाबलेले असतात, त्यामुळे लोखंड लागतच नाही आणि गंजायला काही नसतं. मांडवीवरचा १९७० साली खुला झालेला काँक्रीटचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तो पोलादी तारा खाऱ्या हवेत गंजल्यामुळे. अर्थात गाळे, म्हणजे दोन खांबांमधली अंतरं, लांब ठेवायचे तर पोलाद लागतंच. तिथे पाणी आत शिरू न देणं हीच खरी देखभाल. लिन्यारिशच्या कमानी मात्र गाळाने बुजू देता कामा नयेत.

प्रश्न : इगर्जीच्या (चर्चच्या) शिमितेरात, म्हणजे दफनभूमीत, पणजोबांच्या थडग्यावरची अक्षरं पुसट झाली आहेत. ॲसिडने धुऊन वाचता येतील का? (म्हापसा)

ॲसिड नको, तारेचा ब्रशही नको. संगमरवर ॲसिडने विरघळतो आणि उरलेली अक्षरंही जातात. खडू किंवा पीठ चोळू नका. पिठावर बुरशी धरते. आधी इगर्जीची परवानगी घ्या. वास्तू संरक्षित यादीत असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगीही लागते. मग शेवाळ साध्या पाण्याने भिजवा आणि मऊ नायलॉन ब्रशने हलकेच काढा.

वाचायला प्रकाश हवा. संध्याकाळी टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने धरा आणि फोटो काढा. मग दुसऱ्या बाजूने. कोरीव रेषांत सावली पडते आणि डोळ्यांना न दिसलेलं फोटोत दिसतं.

पोर्तुगीज लेखांत ‘आकी जाज’ म्हणजे ‘इथे विसावला आहे’, ‘सेपुल्तुरा’ म्हणजे थडगं, ‘एर्देइरुश’ म्हणजे वारस. जागा कमी म्हणून शब्द तोडून वर लहान अक्षर कोरतात. महिन्यात हमखास चूक होते: ७ आकड्यापुढे ‘ब्रु’ असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर, कारण ‘सेत’ म्हणजे सात. तसंच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ही दिसेल.

तारीख लागली की इगर्जीच्या मृत्यूनोंदी शोधा. जुन्या नोंदवह्या पणजीच्या पुराभिलेख खात्यातही आहेत. जाताना इगर्जीचं नाव आणि अंदाजे साल लिहून न्या, आणि आडनावाची वेगवेगळी स्पेलिंगंही.