सोळा तास, पण कोणते?

भाऊ, सोळा तास उपाशी राहणं जमतं रे. ते तास कोणते, ते बघ. मी आधी सकाळचं टाळायचो आणि रात्री दहाला भरीत नि कळण्याची भाकरी हाणायचो. वजनाचा काटा हलेना, झोपही उडाली. रात्री मेलाटोनिन (झोपेचं हार्मोन) चढतं, तेव्हा इन्सुलिन कमी सुटतं. म्हणून तीच भाकरी रात्री रक्तातली साखर सकाळपेक्षा जास्त वाढवते. आता नऊ ते पाच एवढ्यातच जेवतो. (शेजारचे जैन काका चौविहार पाळतात, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी बंद; ते हसले माझ्यावर!) मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नकोस. आणि जळगावच्या मे महिन्यात पाणी अजिबात तोडायचं नाही. ताक मात्र जेवणाच्या वेळेतच.